पायलट लेकीचा नंबर २३१ वरून थेट १२०४! दोन कंपन्या एक झाल्या की सेवाज्येष्ठता यादी कशी लावतात?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचत असतो, आज अडचण घेऊन आलोय.

धाकटी लेक एका खासगी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे आपल्या भाषेत को-पायलट. साडेचार वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहायचं नाही असं तिनं बजावलंय, तर विचारू नका. तिची कंपनी आता चांगल्या चौपट मोठ्या कंपनीत विलीन झाली. पेढे वाटावेत असं वातावरण होतं. नवा लोगो, नवा युनिफॉर्म वगैरे.

गेल्या रविवारी ती घरी होती. आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो आणि तिच्या फोनवर पीडीएफ आली. 'एकत्रित ज्येष्ठता यादी (कच्ची)'. तिनं आडनाव टाकून शोधलं तर नावच सापडेना. लेकीच्या हातातली शेंग हातातच राहिली. पाच मिनिटांनी उलगडा झाला, आडनावाचं स्पेलिंग चुकवलं होतं. नाव सापडलं आणि पुढे नंबर १२०४. जुन्या कंपनीत ती २३१ वर होती. मटारभात झाला, वाढला, गार झाला. पोरगी बाल्कनीत फोनवर. तिच्या बॅचची सगळी मुलं एकमेकांना नंबर विचारत होती.

मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो. आमच्याकडे ज्येष्ठता म्हणजे दिवाळीला मिठाईचा डबा आधी कुणाला, एवढंच. म्हणून विचारतो:

पगार तोच राहणार म्हणतात, मग या नंबराला एवढं काय? आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस दिलेत, त्यात लिहायचं काय? यादी कशाच्या आधारे लावली ते एका ओळीत दिलंय: 'रुजू झाल्याची तारीख व सध्याचे पद यांचा विचार करून'. बस.

गोदाकाठचा बगळा

पहिला! वाचतोय. विषय नवीन आहे.

हँगरमधला

काका, मी ओझरचा, एचएएलमधून निवृत्त. आमची कंपनीच विलीनीकरणातून जन्मली. १९६४ साली बंगळुरूची हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि मिगसाठी काढलेली एरॉनॉटिक्स इंडिया या दोन एक करून हिंदुस्थान एरॉनॉटिक्स केली, आणि ओझरचा कारखाना त्या दुसरीच्या वाट्याचा. मी लागलो तोवर तो इतिहास झाला होता, तरी कँटीनमधले एक-दोन म्हातारे 'मूळचे आपण कोण' हे सांगायचे. वाद यादीचा संपतो, कँटीनचा संपत नाही.

उलटा वारा

मी याच धंद्यात आहे, नाशिकरोडचा. कॅप्टन, वेगळ्या कंपनीत. जमेल तसं सांगतो.

पायलटचा नंबर म्हणजे मिठाईचा डबा नाही काका. त्या नंबरावर चार गोष्टी ठरतात. डावीकडच्या सीटवर, म्हणजे कॅप्टनच्या जागेवर, कधी जाणार. मोठ्या विमानावर कधी जाणार. बेस कुठला, मुंबई हवं असताना दुसरीकडे भाड्याच्या खोलीत राहायचं का. आणि कंपनीचे दिवस वाईट आले तर घरी आधी कोण जाणार, कारण बहुतेक ठिकाणी शेवटी आलेला आधी जातो. अमेरिकेत तर महिन्याचं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक), दिवाळी-नाताळची सुट्टी, सगळं बोली लावून नंबरानुसार मिळतं. आपल्याकडे रोस्टर कंपनीच लावते, त्यामुळे रोजच्या जगण्यात फरक कमी. पण कमांड, म्हणजे कॅप्टनकी, आणि मोठं विमान या दोन गोष्टी इथेही नंबरालाच बांधलेल्या.

पगार तोच राहणार, बरोबर. को-पायलटचा को-पायलटइतकाच. कॅप्टन झाल्यावर तो कितीतरी वाढतो, म्हणजे कमांड एक वर्ष लांबली तर त्या वर्षाचा फरक गेला, आणि पुढे प्रत्येक टप्प्याला ती वर्षभर मागेच.

अजून एक. बँकेतला माणूस न पटल्यास दुसऱ्या बँकेत जाऊन वरच्या जागेवर लागू शकतो. आमच्यात कंपनी बदलली की यादीत तळापासून सुरुवात. दहा वर्षांचा अनुभव असला तरी नव्या घरात धाकटी सून. म्हणून नंबर हीच आमची जमीनजुमला. विलीनीकरण म्हणजे दोन गावांच्या सातबाऱ्यांचा एक सातबारा करणं. भांडण होणारच.

पाटीपेन्सिल

गणित शिकवते, म्हणून राहवत नाही. काका, २३१ आणि १२०४ यांची थेट तुलनाच चूक आहे. जुन्या कंपनीत एकूण पायलट किती होते? नव्यात किती?

इंदिरानगरकर

ताई, तिला विचारलं. जुन्यात ६४०. नव्या यादीत ३२१०.

पाटीपेन्सिल

मग बघा. ६४० पैकी २३१ म्हणजे वरून ३६ टक्क्यांवर. ३२१० पैकी १२०४ म्हणजे साडेसदतीस टक्क्यांवर. मुलगी जवळपास आहे तिथेच आहे. छोट्या वर्गातली विसावी मोठ्या शाळेत शंभरावी आली, एवढंच झालं. मटारभात गरम करा.

गोदाकाठचा बगळा

ताई, धागा संपला की हो! एवढ्यासाठी मी चहा ठेवला होता.

समोरच्या अंगणातून

संपला नाही. मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे अशाच एका मोठ्या, जुन्या कंपनीतल्या पायलटची बायको. देवळाली कॅम्प. आमचीही कंपनी विलीन झाली, नाव मीही लिहीत नाही.

दादा, तुमची लेक साडेचार वर्षांत ३६ टक्क्यांवर पोचली, कारण तिची कंपनी नवी होती आणि दर महिन्याला विमानं येत होती. तिच्याकडची मुलं पाच-सहा वर्षांत कॅप्टन होतात. माझे हे अकरा वर्षं उजव्या सीटवर होते. अकरा! त्यात ह्यांची काय चूक? विमानंच आली नाहीत. मध्ये पगार थकले, पगार कापले, तरी हे सोडून गेले नाहीत. आणि आता विलीनीकरणात एकतीस वर्षांचा कॅप्टन यादीत ह्यांच्यावर, कारण 'सध्याचे पद'. तो दहावीला होता तेव्हा हे विमान उडवत होते.

हे ज्या दिवशी यादी घेऊन घरी आले त्या दिवशी बूट काढायचं विसरले. तसेच सोफ्यावर. मी काही बोलले नाही. टक्केवारी मांडणं सोपं असतं ताई, पण आमच्या अकरा वर्षांना टक्केवारीत रकानाच नाही.

पाटीपेन्सिल

मान्य. माझ्या हिशोबात वेळ नव्हता, फक्त जागा होती.

निवृत्त शाखाधिकारी

समोरच्या अंगणातल्या ताईंच्या बाजूनं मी. आमची बँक एका मोठ्या बँकेत गेली (२०१७ ते २०२० मध्ये इतक्या गेल्या की कुठली ते ओळखू येणार नाही). आमच्याकडे स्केल दोनला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या पायरीला, पोचायला लोक म्हातारे व्हायचे, तिकडे झपाट्यानं प्रमोशन. एकत्र यादी लागली तेव्हा माझ्याकडे प्रोबेशनरी म्हणून शिकलेला मुलगा, जो मधल्या काळात परीक्षा देऊन तिकडे गेला होता, माझ्या वर. पहिल्याच दिवशी फोन केला त्यानं. 'सर, तुम्ही मला अहोजाहो करू नका.' मी म्हटलं, 'नाही करत, पण रजेचा अर्ज तुझ्याकडेच द्यायचाय.'

तिखट कमी

धागा विमानाचा आहे म्हणून विचारतो, ओझरहून गोव्याला थेट विमान आहे का सध्या? सासूबाई विचारतायत.

हँगरमधला

वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. कंपनीच्या साइटवर बघा. आणि धागा हायजॅक करू नका.

गोदाकाठचा बगळा

विमानाच्या धाग्यावर हा शब्द नको हो काका!

जुनं वर्तमानपत्र

हा वाद जगात सगळीकडे झालाय. कात्रणं जमवायचा नाद आहे, त्यातलं सांगतो.

सगळ्यात गाजलेलं अमेरिकेतलं. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या. पहिली जुनी, दिवाळखोरीत निघालेली, तिचे शेकडो पायलट घरी बसवलेले. दुसरी लहान, तरुण. जुनीवाले म्हणाले, रुजू तारखेनं लावा. नवीवाले म्हणाले, आमच्या जिवावर तुमची कंपनी वाचली, तारखेनं लावलंत तर आमचे कॅप्टन तुमच्या घरी बसलेल्यांच्या खाली जातील. प्रकरण लवादाकडे गेलं. जॉर्ज निकोलाऊ नावाच्या लवादानं मे २००७ मध्ये निकाल दिला. जुनीचे मोठी विमानं उडवणारे ५१७ जण सगळ्यात वर, मधले दोन्हीकडचे प्रमाणात मिसळायचे, आणि घरी बसवलेले तळाला. म्हणजे पंधरा-सोळा वर्षं नोकरी झालेला पण त्या दिवशी घरी बसलेला माणूस परवा लागलेल्या पोराच्या खाली.

दोन्ही बाजूंनी लवाद बंधनकारक आहे हे आधी मान्य केलं होतं. तरी जुनीवाल्यांची संख्या जास्त, त्यांनी २००८ मध्ये मतदान घेऊन संघटनाच बदलली आणि यादी अडवून धरली. मग कोर्ट, अपील, पुन्हा कोर्ट. नाव एक, रंग एक, पण पूर्वेचे (म्हणजे जुनीचे) पायलट पूर्वेच्या करारावर आणि पश्चिमेचे (अमेरिका वेस्टचे) पश्चिमेच्या. पुढे २०१३ मध्ये ती कंपनीच अमेरिकन एअरलाइन्समध्ये गेली आणि सगळ्यांची मिळून यादी लागली सप्टेंबर २०१६ मध्ये. अकरा वर्षं! तोवर भांडणारे कितीतरी जण निवृत्त झाले.

उलट डेल्टा आणि नॉर्थवेस्ट २००८ मध्ये एक झाल्या तेव्हा पगाराचा करार आधीच उरकून घेतला आणि यादीचा लवाद वर्ष संपायच्या आत निकाली. रुसवेफुगवे झालेच, पण काम थांबलं नाही.

पासधारक

मला पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्याचीच आठवण झाली. मनमाडवाला दोन महिन्यांपूर्वी पास काढतो आणि खिडकीत बसून येतो. नाशिकरोडचा वीस वर्षांचा पासवाला चढतो आणि उभा. वीस वर्षांची ज्येष्ठता कुणाच्या डोळ्यांना दिसते? गाडी जिथून निघते तिथला जिंकतो.

उलटा वारा

@पासधारक, हसू नका, यावरचा तोडगा अक्षरशः तुमच्या डब्यातलाच आहे. बसलेल्याला उठवायचं नाही. जो आज कॅप्टन आहे तो नव्या यादीत खाली गेला तरी त्याची सीट काढायची नाही. पण पुढची सीट रिकामी झाली की ती नव्या यादीनं. जगभर हा नियम बहुतेक विलीनीकरणांत असतो.

दुसरा तोडगा कुंपणाचा. एका कंपनीकडे मोठी विमानं होती, दुसरीकडे फक्त लहान. मग ठरवतात की इतकी वर्षं मोठ्या विमानांच्या जागा मूळ कंपनीच्या लोकांसाठी राखीव. कुंपण किती वर्षांचं यावर खरी मारामारी. काका, तिला विचारा, यादीसोबत अशा अटींचा कागद आलाय का? माझ्या लेखी तो कागद नंबराइतकाच मोठा.

स्पष्टवक्ता सातपूर

माफ करा, पण लाखांत पगार घेणाऱ्यांचं हे रडगाणं पाहून गंमत वाटते. आमच्या एमआयडीसीत कंपनी विकली जाते तेव्हा गेटवर कुलूप दिसतं, यादी नाही. नोकरी टिकली ना? पेढे वाटा.

समोरच्या अंगणातून

भाऊ, आमच्याकडे पेढे वाटून झाले होते, मग यादी आली. आणि पायलट व्हायला घातलेलं कर्ज कुणाच्या घरी किती वर्षं फिटतं ते एकदा विचारून बघा. आम्ही घर गहाण टाकलं होतं.

स्पष्टवक्ता सातपूर

कर्जाचं माहीत नव्हतं. तेवढं मागे घेतो. बाकी मत कायम.

जुनं वर्तमानपत्र

आपल्या देशातलं राहिलंच. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये कागदावर एक झाल्या. माणसं झाली नाहीत. २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सचे पायलट समान पगारासाठी दहा दिवस संपावर. मनुष्यबळ एकत्र कसं आणायचं ते ठरवायला न्या. धर्माधिकारी समिती नेमली, तिचा अहवाल जानेवारी २०१२ चा. म्हणजे विलीनीकरणानंतर साडेचार वर्षांनी! आणि त्याच वर्षी मे महिन्यात मूळ एअर इंडियावाले गेले संपावर. कारण काय, तर येऊ घातलेल्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सवाल्यांनाही द्यायचं ठरलं. म्हणणं असं की ती विमानं आमच्या कंपनीनं मागवली, त्यांना घेतलंत तर आमची कमांड लांबते. ५८ दिवस चालला तो संप. विमान भारतात आलं सप्टेंबरात, भांडण आधीच सुरू.

आता विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात मिसळली, त्याआधी ऑक्टोबरात एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये एआयएक्स कनेक्ट (पूर्वीची एअरएशिया इंडिया). त्या वेळी कुजबुज नंबरापेक्षा वयावर जास्त होती: एअर इंडियात निवृत्ती ५८ ला, विस्तारात ६० ला. एकाच कॉकपिटमधल्या दोघांची दोन वयं.

हँगरमधला

आणि पुढच्याच वर्षी एअर इंडियानं पायलटांचं निवृत्तीचं वय ६५ केलं ना? वरचे खूश.

उलटा वारा

वरचे खूश, खालचे गार. वरचा माणूस जास्त वर्षं बसला की खालची रांग तितकीच थांबते. यादीत एकही नंबर न हलवता धाकट्यांना मागे टाकायचा हा सगळ्यात सभ्य मार्ग. (वैयक्तिक मत. माझं स्वतःचं वय ५१, त्यामुळे खालच्यांची बाजू फार जोरात घेत नाही.)

पाटीपेन्सिल

मग काका, माझं गणित सुधारते. टक्केवारी सोडा. दोन आकडे काढा. तिच्या पुढे तिच्याच प्रकारच्या विमानावर को-पायलट किती आहेत, आधी आणि आता. आणि वर्षाला कॅप्टन किती होतात, आधी आणि आता. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. जे येईल ते खरं.

इंदिरानगरकर

रात्री तिच्याशी बोललो. तिनं तेच कोष्टक आधीच केलं होतं, मला दाखवलं नव्हतं एवढंच. आधी तिच्या पुढे ४० जण, वर्षाला साधारण ३० कमांड. आता त्या विमानावर पुढे २६०, आणि नव्या कंपनीचा अंदाज वर्षाला १२०.

पाटीपेन्सिल

४० भागिले ३०, म्हणजे सोळा महिने. २६० भागिले १२०, म्हणजे सव्वीस. दहा महिने लांबली. विमानं वेळेवर आली तर.

उलटा वारा

दहा महिने वाईट आहेत, पण निकोलाऊसारखी आपत्ती नाही. शिवाय तिच्या जुन्या कंपनीत मोठी विमानं नव्हतीच ना? आता त्यांचं दार कधीतरी उघडेल. ते दार समोरच्या ताईंच्या मिस्टरांच्या घरचं, हेही लक्षात ठेवा.

समोरच्या अंगणातून

हे मात्र खरं बोललात. ह्यांना विचारलं आत्ता. म्हणाले, 'येऊ दे त्या पोरीला, पण रांगेत.'

तुळजा

माझे सासरे नाशिकरोडला होते. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन नगरपालिका मिळून महानगरपालिका झाली, तेव्हाचे कारकून. त्यांची काही तक्रार नव्हती, पण निवृत्तीच्या दिवशी भाषणात काय म्हणाले? 'मी नाशिकरोड नगरपालिकेचा शेवटचा कारकून.' समोर सगळे महापालिकेचे. टाळ्या पडल्या म्हणे.

काळा कोट

उशिरा आलो, पण हरकतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

एक. सरकारी सेवांच्या एकत्रीकरणात तत्त्वं ठरलेली आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये ती उचलून धरली. दोन पदं समान मानायची तर बघायचं कामाचं स्वरूप, जबाबदारी आणि अधिकार, किमान पात्रता, आणि पगार. यातला पगार सगळ्यात शेवटी, हे ध्यानात घ्या.

दोन. पण हे खासगी कंपनीला बांधील नाही. एअर इंडियासुद्धा २०२२ मध्ये टाटांकडे गेल्यावर 'राज्य' राहिली नाही, म्हणून तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये सांगितलं. म्हणजे समतेच्या कलमांवर खासगी कंपनीला उच्च न्यायालयात खेचता येईल या भरवशावर राहू नका.

तीन. अमेरिकेत यासाठी खास कायदा आहे. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी घेतली आणि तिच्या पायलटांपैकी कितीतरी जणांना स्वतःच्या शेवटच्या पायलटच्याही खाली टाकलं. त्यांच्याकडे याला 'स्टेपल करणं' म्हणतात, यादीच्या खाली यादी टाचून द्यायची. त्याच वर्षी ११ सप्टेंबर घडला, कपात आली, आणि टाचलेले आधी घरी. टीडब्ल्यूएचं घर मिसुरी राज्यात. तिथल्या मॅकॅस्किल आणि बाँड या दोन सिनेटरांनी २००७ मध्ये कायदा करून घेतला की यादी न्याय्य रीतीनं लागली पाहिजे, नाही जमलं तर लवाद. आपल्याकडे असा कायदा नाही. विलीनीकरणाच्या योजनेत सहसा 'सेवा अखंड धरली जाईल, अटी आधीपेक्षा वाईट नसतील' असं वाक्य असतं. तेवढाच आधार.

म्हणून हरकतीत रडू नका, भांडू नका. विचारा: सूत्र नक्की काय, तारखेला वजन किती आणि पदाला किती? कुठली तारीख धरली, कंपनीत रुजू झाल्याची की प्रशिक्षण संपून लाइनवर सोडल्याची? दोन्ही कंपन्यांना एकच धरली का? इथे फार लोक फसतात. एक कंपनी ग्राउंड ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून मोजते, दुसरी विमानावर सोडल्यापासून. आठ-दहा महिन्यांचा फरक सहज पडतो. आणि स्पेलिंगची दुरुस्ती लेखी मागा, त्यावर पोच घ्या. चुकीच्या नावाच्या माणसाची ज्येष्ठता उद्या कुणाची?

उलटा वारा

वकीलसाहेब, तारखेचा मुद्दा लाखमोलाचा. काका, हा मुद्दा तिच्या पूर्ण बॅचनं मिळून द्यायला सांगा. एकटीचा अर्ज फाइलला लागतो.

तिखट कमी

सासूबाई गोव्याला रेल्वेनं जाणार आहेत. तरी धागा वाचला पूर्ण. छान चाललाय.

स्पष्टवक्ता सातपूर

हा गडी अजून इथेच!

इंदिरानगरकर

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, कळवायचं राहिलं होतं.

बॅचच्या एकवीस जणांनी मिळून हरकत दिली, काळा कोट साहेबांनी सांगितलेल्या मुद्द्यांवर. तारखेचा घोळ खरंच निघाला. पण गंमत अशी की तो तिच्याच कंपनीच्या बाजूनं होता! त्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून आणि मोठ्या कंपनीची लाइनवर सोडल्यापासून. म्हणजे दुरुस्त झाला तर ही मुलं अजून खाली जाणार. मग एकवीस जणांत रात्रभर खल झाला, हा मुद्दा ठेवायचा की काढायचा. लेक म्हणाली ठेवा. नऊ जण म्हणाले काढा. शेवटी बाराविरुद्ध नऊ असा ठेवला.

काल अंतिम यादी आली. तारखेवर 'विचाराधीन' असं उत्तर. कुंपणाचा कागद वेगळा आला, मोठ्या विमानांना पाच वर्षं. कमांडच्या सीटवर बसलेल्याला उठवणार नाहीत, हेही लेखी आहे.

आणखी एक तिनं सांगितलं. नव्या ओळखपत्रावर जुन्या कंपनीच्या लोकांचा नंबर ८ नं सुरू होतो. क्रू रूममध्ये समोरचा आधी गळ्यात बघतो, मग तोंडाकडे. परवा एका वयस्क कॅप्टनांनी ८ बघितला आणि विचारलं, 'किती लांबली?' ही म्हणाली, दहा महिने. ते म्हणाले, 'माझी सहा वर्षं. चल, चहा घेऊ.' मग दोघांनी मिळून सकाळचं पहिलं विमान नेलं.

समोरच्या अंगणातून

दादा, ते कॅप्टन देवळालीचे नव्हते ना? चहाची सवय सारखीच वाटतेय म्हणून विचारलं.

इंदिरानगरकर

विचारून सांगतो ताई. ती आज दोन दिवसांच्या फेरीवर आहे.

काळा कोट

आणि स्पेलिंग?

इंदिरानगरकर

दुरुस्त झालं. नंबर १२०४ च.

गोदाकाठचा बगळा

चला, मग या रविवारी मखमलाबादला मिसळ. रांग लागेल, आधी येईल तो आधी बसेल.

पासधारक

मी मनमाडहून येतोय.